पुण्याहून भाऊ-वहिनी येऊन राहिले, संध्याकाळी नागपूरच्या झिरो माईलला पायी न्यावं का?

धरमपेठची आत्या:
नोव्हेंबरच्या शेवटी भाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि माझी आई येऊन राहिले, आईचे गुडघे दुखतात. दीक्षाभूमी आणि रामटेक ठरलंय, पण एक संध्याकाळ मोकळी आहे आणि मोठा भाचा, अकरा वर्षांचा, म्हणतो आत्या मला देशाचा मध्य दाखव, झिरो माईलच्या दगडाला तसं म्हणतात ना. मी रोज स्कूटीवरून तिथूनच जाते पण थांबून पाहिलं ते शाळेत असताना. आईला जमेल का, आणि पोरांना सांगू काय?

ऑरेंज लाईन:
ताई, बिनधास्त न्या. झिरो माईल स्टेशनला मेट्रोने उतरा, लिफ्ट आहे, दगड बाजूलाच, आईंना फार चालावं लागत नाही. फक्त उशीर नका करू, त्या दिवसांत साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि मग खांबावरची अक्षरं दिसत नाहीत. तिथं गावांची अंतरं लिहिली आहेत, हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, पोरांना वाचू द्या आणि किलोमीटर काढायला लावा. मध्याचं म्हणाल तर तिथला सर्व्हेचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या देशाच्या मोजणीचा दगड १९०७ सालचा, तो मध्याची नाही तर उंचीची पक्की खूण आहे. गवंडी नळीत पाणी भरून लेव्हल काढतो ना, तसं या एका खुणेवरून पुढच्या गावांची उंची काढत जायचे. भाच्याला हे सांगा, नुसत्या मध्यापेक्षा जास्त आवडेल.

महालकर:
आणि बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीचा किल्ला खालून तरी दाखवा जी! सैन्याच्या ताब्यात आहे, वर्षातले मोजकेच दिवस उघडतो. तुम्ही नेमक्या त्याच तारखांना जाऊन राहिल्या, २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी तिथंच लढली. तेव्हा किल्ला नव्हताच, नुसत्या दोन टेकड्या, त्यातली लहान टेकडी भोसल्यांच्या अरब सैनिकांनी घेतली पण होती, मग इंग्रजांनी परत घेतली. किल्ला इंग्रजांनी नंतर बांधला.

काटोल रोड:
ताई, एक विनंती. तिथंच गोवारी शहीद स्मारक आहे, दोन मिनिटं थांबा. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा विधिमंडळाच्या अधिवेशनावर आला होता, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, बायका आणि लेकरं जास्त. माझी आई दर वर्षी त्या दिवशी फुलं घेऊन जाते. लहान्याला नका सांगू एवढं, पण अकरा वर्षांच्या पोराला समजते, त्याला सांगा. दगडाचा फोटो सगळेच काढतात, इथं कोणी थांबत नाही, त्याचं वाईट वाटते.

धरमपेठची आत्या:
सगळ्यांचे आभार, काटोल रोडवाल्या दादा तुमचे विशेष, मी इतकी वर्षं नुसती समोरून गेले. साडेचारलाच घरून निघतो, आधी दगड, मग स्मारक, फुलं मी नेईन, आणि किल्ला परत येताना बर्डीवरून. भाच्याला फोनवर ३१८ मैल सांगितलं तर त्याने तिथंच गुणाकार केला, ५१२ किलोमीटर आलं म्हणे, आता जबलपूरचं काढून राहिला.