एक्सरे एआयने वाचला पण आम्हाला सांगितलंच नाही, काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. सासऱ्यांना (वय ७१) तीन आठवडे खोकला आहे म्हणून छातीचा एक्सरे काढला, रिपोर्ट नॉर्मल आला, फाईलला लावून टाकला. काल बघितलं तर अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की वाचनासाठी एआय सॉफ्टवेअर वापरलंय, आणि वर रेडिओलॉजिस्टची छापील सही. सेंटरला फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणे, "मॅडम, आता सगळीकडे असंच असतं."

माझा एआयला विरोध नाहीये हो, टीबीसाठी असे एक्सरे सॉफ्टवेअरने वाचायला डब्ल्यूएचओने २०२१ मध्येच हिरवा कंदील दिलाय. पण डॉक्टरांनी फिल्म स्वतः पाहिली की मशीनच्या उत्तरावर नुसती सही ठोकली हे कळणार कसं? हे आधी सांगणं त्यांना बंधनकारक नाही का? आणि आमच्या डॉक्टरांकडे हा विषय काढू कसा, माणूस चांगला आहे पण "नेटवर वाचून येता" म्हणून लगेच चिडतात. सासरे तर म्हणतात कशाला उगाच.

प्रतिसाद:
ताई, आधी खोकल्याचं बघा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर एक्सरे नॉर्मल असला तरी थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

हक्काचं म्हणाल तर आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधनाची आपली सरकारी संस्था) २०२३ मध्ये एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यात पेशंटची संमती, माणसाची देखरेख सगळं आहे, पण ती तत्त्वं, कायदा नव्हे. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, पेशंटला पाठवलेला तब्येतीबद्दलचा मेसेज एआयने लिहिला असेल तर तसं सांगावं लागतं, मात्र डॉक्टरने वाचून पास केला की सूट! म्हणजे सहीचा घोळ तिकडेही आहेच.

सेंटरकडून एक्सरेची सीडी लेखी मागा, मोबाईलवर काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही. आणि डॉक्टरांसमोर एआयचं नावच काढू नका, "सर, खोकला थांबत नाहीये, फिल्म तुम्ही स्वतः एकदा बघता का" एवढंच म्हणा, कोणी चिडणार नाही.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. थुंकीचं उद्याच बघते. सीडी मागितली, "सरांना विचारून सांगतो" म्हणालेत. नाशकात नुसती फिल्म वाचून देणारे कोणी रेडिओलॉजिस्ट आहेत का, आणि साधारण किती घेतात?