टवाळ टीव्ही आणि आपण कोकणवाले : अनुभव लिहा

५ ऑक्टोबर १९६९ ला बीबीसीवर 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' ही विनोदी मालिका सुरू झाली आणि १९७४ ला संपली. भाग जेमतेम ४५. मेलेला पोपट दुकानात परत करायला आलेलं गिऱ्हाईक, वेड्यावाकड्या चालींना अनुदान देणारं सरकारी खातं! प्रसंग रंगात आला की एक कर्नल येऊन 'पांचटपणा पुरे' म्हणत तो बंदच पाडायचा. पाद्री, न्यायाधीश, खुद्द बीबीसी, कुणालाच सोडलं नाही. हे वारं आपल्या किनाऱ्यापर्यंत कसं पोचलं? घरात कुणाचं कुणाशी वाजलं? मोकळेपणाने लिहा, मालवणीतही चालेल.

दापोली
आमच्याकडे इंग्रजी काही नव्हतं, दूरदर्शन होतं. १९८९ चा जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो'. नावांच्या पाटीत दिग्दर्शनालाही 'मिसडिरेक्टेड' लिहिणारा माणूस! अँटेना आंब्याच्या फांदीला बांधलेला, वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. पीएचडीच्या गाईडवरचा भाग बघताना बाबा पोट धरून हसले. सरकारी नोकर खोटी औषधांची बिलं लावतात, तो भाग लागला तेव्हा मात्र 'गोठ्यात बघून येतो' म्हणून उठले. गाय आम्ही मे महिन्यातच विकली होती. त्या रात्री आई जेवताना एकटीच हसत होती.

रत्नागिरी
मी बोटीवर होतो. आमचा चीफ इंजिनिअर ग्लासगोचा, त्याच्याकडे कॅसेटी. पोपटाचा प्रसंग पहिल्यांदा बघितला तेव्हा ढिम्म कळला नाही. मग हळूहळू चटक लागली. याच मंडळींच्या 'लाइफ ऑफ ब्रायन' (१९७९) सिनेमाला पैसे बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने घातले आणि ग्लासगोतच त्यावर बंदी, हे चीफ अभिमानाने सांगायचा की रागाने, कोण जाणे.

सावंतवाडी
ह्यात नवीन ता काय? दशावतारी नाटकाच्या सुरवातीक, आडदशावतारात, संकासूर राक्षस भटजीची फिरकी घेता, ता पण देवळासमोर. १९८० साली गवाणकरांचा 'वस्त्रहरण' नाटक इला, पांडव मालवणीत भांडूक लागले, लोका हसान मेली. देव काय कोपलो नाय. टीव्हीवाल्यांनी ता घराघरात न्हेला इतक्याच.

धागाकर्ता
मान्य. पण संकासूर वर्षातनं एकदा जत्रेला येतो. भट्टी दिवाणखान्यात यायचे, साहेब शेजारी बसलेले असताना. फरक आहे.

रत्नागिरी, विद्यार्थी
मी उलट्या वाटेने आलो. कॉलेजात पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकताना उदाहरणांत सारखं 'स्पॅम' आणि 'एग्ज'. शोधलं तर कळलं, ती बनवणाऱ्या खिदो व्हान रोस्सुमने भाषेला नाव मॉन्टी पायथनवरून दिलंय, सापावरून नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री स्केचेस बघत बसलो.

चिपळूण
आमच्या पिढीचं यूट्यूब. २०१५ ला एआयबी या विनोदी टोळीच्या रोस्टवर, म्हणजे पाहुण्यांची जाहीर टिंगल करण्याच्या कार्यक्रमावर, गुन्हे दाखल झाले तेव्हा अकरावीत होते, आणि ते बघायचंच असं सगळ्या मैत्रिणींनी ठरवलं. पुढे गणपतीत वाडीच्या कार्यक्रमात मी पाच मिनिटं स्टँडअप केलं. पाणीटंचाईवर बोलले तेव्हा टाळ्या. मानापानावर, म्हणजे पहिली आरती कुणाची यावर, आले आणि माईक बंद. लाइट गेली म्हणाले. मांडवातली तोरणं लुकलुकत होती. हल्ली टीव्हीवर पुरुषाने साडी नेसली की हशा, त्याला मी टवाळी म्हणत नाही. त्यात कुणाला काय झोंबतं? यंदा पुन्हा नाव दिलंय, विषय तोच.