मदत हवी आहे: राजा बहादूर मिलच्या कामगारांच्या आठवणी

नमस्कार मंडळी. माझे आजोबा पुणे स्टेशनजवळच्या राजा बहादूर मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खात्यात होते. ताडीवाला रोडवरच्या एका खोलीत आठ माणसं राहायची. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने घरातही ते मोठ्यानेच बोलत. लहानपणी मला वाटायचं, आजोबा रागावलेत. ते गेल्यावर ट्रंकेत पितळी बिल्ला आणि पगाराच्या चार चिठ्ठ्या सापडल्या, आणि तेव्हापासून चैन नाही.

गिरणी म्हटलं की सगळे लालबाग-परळ आणि १९८२ चा संप सांगतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या लढ्यामुळे १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, हेही वाचायला मिळतं. पण पुण्याच्या गिरणीवर सलग लिहिलेलं माझ्या हाती काहीच लागत नाही. आवारात आता हॉटेलं आहेत, रस्त्याला तेवढं मिलचं नाव उरलंय.

कुणाच्या घरातलं कुणी तिथे होतं का? पाळ्या कशा असत, गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या बदली कामगारांना काम कोण देई, बायका कोणत्या खात्यात होत्या? आसपासच्या वस्तीतली भजनी मंडळं, खानावळी, उधारीची दुकानं आठवतात का? जुने फोटो, हजेरीकार्डं असतील तर कृपया सांगा, मी घरी येऊन बघेन. बंडगार्डन रोडच्या पुरालेखागारात मिलची कागदपत्रं कुणी पाहिली असतील, तर कोणत्या विभागात शोधायची तेही कळवा. आजोबांच्या सोबतचे लोक आता नव्वदीला आलेत, म्हणून घाई आहे.