किनाऱ्यावरच्या भिंतींवर पक्षी रंगवताना अचूकतेचा आग्रह हवा का?

चर्चाप्रस्ताव
किनाऱ्यालगतच्या सार्वजनिक भिंतींवर तेथील पक्षी आणि वनस्पती रंगवण्याच्या मी बाजूने आहे. मात्र चित्रातला पक्षी त्याच किनाऱ्यावरचा, आणि तो तेथे जसा दिसतो तसाच असावा. डनलिन या छोट्या किनारपक्ष्याचेच पाहा. विणीच्या हंगामात त्याच्या पोटावर काळा डाग असतो, पण हिवाळा घालवायला तो जेथे येतो तेथे साधा करडा दिसतो. छायाचित्रावरून काळ्या पोटाचा डनलिन रंगवला, तर त्या भिंतीवरून पक्षी शिकलेल्या माणसाला समोरच्या चिखलातला खरा डनलिन ओळखता येणार नाही.

प्रतिसाद १ : असहमत
भिंत म्हणजे पक्षिनिरीक्षणाची पुस्तिका नव्हे. चित्रकाराला पिसाऱ्याच्या नियमांत बांधले, तर हाती येईल तो फलक, चित्र नव्हे. न्यूयॉर्कच्या हार्लेम आणि वॉशिंग्टन हाइट्स या भागांत २०१४ पासून ऑडुबॉन या पक्षिसंरक्षण संस्थेच्या भित्तिचित्र प्रकल्पाखाली हवामानबदलाचा धोका असलेले उत्तर अमेरिकी पक्षी भिंतींवर आणि दुकानांच्या शटरवर रंगवले जात आहेत, आणि त्यांच्या शैली एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. रस्त्याने जाणारा थांबतो तो रंगामुळे. ओळख पटवण्याचे काम त्यानंतरचे.

प्रतिसाद २ : दोघांशीही असहमत
माझा आक्षेप जागेला आहे. सुरय आणि काही चिखल्या उघड्या वाळूत किंचित खळगा करून अंडी घालतात. ती वाळूसारखीच दिसत असल्याने शत्रूपासून लपतात, आणि त्याच कारणाने माणसांच्या पायांखाली जातात. अशा वाळूशेजारी देखणी भिंत उभी केली, तर छायाचित्रांसाठी गर्दी तेथेच होणार. विणीच्या जागेजवळ भिंत रंगवूच नये.

प्रतिसाद ३ : मूळ प्रस्तावकाचे उत्तर
जागेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. शैलीबाबतही माझा हट्ट नाही. पक्षी हवा तेवढा मोठा किंवा कोनदार काढावा, पण करड्या पक्ष्याला केवळ खपावा म्हणून भडक करू नये. वनस्पतींवर तर याहून मोठा अन्याय होतो. कांदळवन म्हटले की कमानीसारखी आधारमुळे रंगवून चित्रकार मोकळे होतात. ती कांदळाची मुळे. तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलातून सरळ वर येतात, आणि त्याच्या पानांवर बाहेर टाकलेल्या मिठाचे कण दिसतात. मर्यादावेल तर बहुतेक भिंतींवर नसतेच. आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची आणि जांभळट फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते, आणि चित्रासाठी याहून चांगली किनार मला तरी सुचत नाही.

प्रतिसाद ४ : व्यावहारिक शंका
हे सारे किती वर्षे टिकणार? खाऱ्या हवेत भिंत मीठ शोषते, आणि ओल सुकताना मिठाचे स्फटिक पृष्ठभागाखाली वाढून रंगाला ढकलतात. ॲक्रिलिकचा जाड थर आतली ओल अडवत असल्याने त्याला फुगे येतात. सिलिकेट रंग खनिज गिलाव्याशी एकजीव होऊन वाफ बाहेर जाऊ देतात, म्हणून ते बरे. पण जुन्या तैलरंगावर ते धरत नाहीत. त्यामुळे आधी भिंत खरवडावी लागेल, आणि निधी मागताना नेमका हाच खर्च वगळला जातो. पोपडे निघालेल्या सुरयापेक्षा मला कोरी भिंत चालेल.