नाईट संपते, पण आयसीयू डोक्यातून जात नाही. तुम्ही काय करता?

प्रश्न
आयसीयूत स्टाफ नर्स आहे. ड्यूटीवरून येऊन आडवी झाले की कानात इन्फ्यूजन पंपाचा (शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्राचा) अलार्म वाजत राहतो. मागे एक तरुण पेशंट गेला. बॉडी आवरली, बेड लावला, लगेच त्याच बेडवर नवी ॲडमिशन. आता नातेवाईक समोर रडत असले तरी आत काहीच हलत नाही. मी या कामासाठी कच्ची आहे का?

उत्तर (इन्चार्ज सिस्टर)
कच्ची वगैरे काही नाहीस गं. अलार्म मलाही ऐकू यायचे. पण ‘आत काहीच हलत नाही’ हे वाचून काळजी वाटली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी लक्षणं दिली, त्यात थकवा आहे, आपल्या हातून नीट काही होत नाही ही भावना आहे आणि हे तुटलेपणही आहे. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण सतत साचत राहिला की हे होतं. म्हणून नुसतं ‘ध्यान कर’ सांगून मी मोकळी होणार नाही. सलग नाईट लागत असतील तर आधी रोस्टरबद्दल बोल, एकटी नको, दोघीतिघी मिळून जा.

आमच्याकडे पेशंट गेला की बेडपाशी मिनिटभर सगळे गप्प उभे राहतात. जोनाथन बार्टल्स या अमेरिकन नर्सने सुरू केलेली ही पद्धत, ‘द पॉज’. कुणीतरी एवढंच म्हणतं: हा माणूस कुणाचा तरी होता, आणि आपण जमेल ते सगळं केलं. मग नळ्या काढायला घ्यायच्या.

उत्तर (रेसिडेंट डॉक्टर)
सिस्टरांशी सहमत. एक सांगतो, घटनेनंतर सगळ्यांना सक्तीने बसवून बोलायला लावलं तर फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्याच्याशी बोलावंसं वाटतं त्याच्याशीच बोला. झोप उडणं, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणं महिन्याच्या वर चाललं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगणं नको वाटलं तर मात्र त्याच दिवशी.

प्रश्नकर्ती
पण दुसरी ॲडमिशन दारात उभी असताना मिनिटभर थांबायचं कसं?

इन्चार्ज सिस्टर
तेव्हा नाही थांबायचं. जिवंत पेशंट आधी. हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवताना, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि तेव्हा थांबायचं. आम्ही तसंच करतो.