कूपर क्रीकचा 'डेपो': ठाणे, तळ की पेव?

रेवती : बर्क-विल्स मोहिमेवरचा (ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्यासाठी, 1860-61) लेख मराठीत करते आहे. वाटेतल्या कूपर क्रीक या ओढ्यावरच्या 'डेपो'ला 'ठाणे' लिहिलं, संपादक 'तळ' म्हणतात. कोणता घ्यावा?

मोडीवाचक : ठाणेच. माणसं राखणीला, जनावरं चाऱ्याला, शिधा साठवलेला, आणि पुढे गेलेल्यांची वाट पाहायची. राखणीला ठेवलेल्यांचा प्रमुख ब्राहे तिथे चार महिने होता. तळ आज पडतो, उद्या उठतो.

नकाशेवाला : उठलाच की! 21 एप्रिल 1861 ला सकाळी ब्राहे निघाला आणि त्याच संध्याकाळी पुढे गेलेले बर्क, विल्स, किंग परत येऊन पोचले. तेव्हा उरलं होतं ते पेव. कूलिबा झाडावर 'खणा' असं कोरलेलं.

शेतकी : पेव नव्हे. पेवाचं तोंड अरुंद, पोट रुंद, आत धान्य. इथे पेटीत पीठ, साखर, तांदूळ, सुकं मांस. वर माती सारखी करून लीद पसरलेली, खणल्याचं कळू नये म्हणून. 'पुरलेला शिधा' म्हणा.

नकाशेवाला : ती लीदच नडली. बर्कने शिधा काढला, चिठ्ठी पुरली, खड्डा होता तसाच बुजवला आणि झाडावर नवी खूण केली नाही. 8 मे ला ब्राहे आणि मागच्या तुकडीचा प्रमुख राइट परत आले, त्यांना सारं जसंच्या तसं दिसलं. न खणताच गेले. लेखात हा क्रम चुकवू नका.

रेवती : आणि नंतर त्यांच्यासाठी पाठवलेली हाउइटची तुकडी? 'बचावपथक' लिहिलंय.

मोडीवाचक : कुमक!

नकाशेवाला : कुमक ठाऊक असलेल्या जागी जाते. हाउइट निघाला तेव्हा कोण जिवंत हेच ठाऊक नव्हतं, म्हणून 'शोधपथक'. सप्टेंबरात किंग एकटाच जिवंत सापडला, तिथल्या मूळ रहिवासी यांद्रुवांधा लोकांनी जगवलेला. त्याची 'सुटका' केली असंही लिहू नका. तो कैदेत नव्हता, पाहुणा होता.

शेतकी : बर्क, विल्स, किंग तिथे नार्डू खात, त्याला 'धान्य' म्हटलं असेल तर तेही काढा. ती नेच्याची बीजाणुफळं. त्यात थायमिन (ब1 जीवनसत्त्व) नासवणारं विकर (एन्झाइम) असतं. यांद्रुवांधांची भाजून, पाण्यात वाटून खायची रीत आहे. ती सोडली तर पोट भरतं आणि माणूस खंगतो.

मोडीवाचक : मोहिमेसाठी उंट कराचीहून जहाजाने गेले, 24. सोबतच्या माणसांना 'उंटवाले' कशाला? जुन्या मराठीत 'सारवान' आहे.

रेवती : आजच्या वाचकाला कळेल?

मोडीवाचक : वापरला नाही तर कसा कळेल? 'अफगाण' मात्र सरसकट लिहू नका. तिथे पंजाब, सिंध, बलुचिस्तानातल्यांनाही पुढे तेच नाव चिकटलं.

शेतकी : 'सारवान' फारसी आहे, 'उंटवाला' आपला.

मोडीवाचक : मग 'शिधा' ठेवून 'तैनात', 'कुमक', 'जहाज' सगळेच काढावे लागतील.