मदत हवी आहे: दहावीतल्या मुलीच्या ॲक्टिव्हिटीज, काय ठेवावं आणि काय सोडावं?

एडिसनची_आई
आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक पब्लिक हायस्कूलमध्ये दहावी संपवतेय. जीपीए (मार्कांची सरासरी) ३.९ आहे, पुढच्या वर्षी एपी बायॉलॉजी आणि एपी स्टॅटिस्टिक्स (कॉलेजच्या पातळीचे विषय) घेणार आहे. ओढा सार्वजनिक आरोग्याकडे. सध्या तिचं चालू आहे ते असं: भरतनाट्यम (आठवड्याला ४ तास, पुढच्या वर्षी अरंगेत्रम, म्हणजे पहिला एकल कार्यक्रम), सायन्स ऑलिंपियाडमध्ये डिझीज डिटेक्टिव्हज आणि ॲनाटॉमी (५ तास), रविवारच्या मराठी शाळेत लहान वर्गाला शिकवणं (२ तास), हॉस्पिटलात व्हॉलंटियर (३ तास), शिवाय डेका (व्यवसायाचा क्लब), की क्लब (समाजसेवेचा), शाळेचं वर्तमानपत्र आणि बुद्धिबळ क्लब. रात्री साडेबाराच्या आत झोप नाही. कडक निवड करणाऱ्या कॉलेजांच्या प्रवेशासाठी यातलं खरंच काय मोजलं जातं? काही सोडलं तर नुकसान होईल का? ओळखीचे लोक नॉनप्रॉफिट (सेवाभावी संस्था) काढा म्हणतात, त्याबद्दलही सांगा.

शमा_के
आधी प्रमाण लक्षात घ्या. मार्क आणि घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी हा पहिला उंबरठा. तो ओलांडलेली मुलं जागांच्या कितीतरी पट असतात, तिथे ॲक्टिव्हिटीज कामाला येतात. म्हणून एपी बायॉलॉजीत बी आणून नवव्या क्लबचं पद मिळवणं हा तोट्याचा सौदा.

कोणतं कॉलेज कशाला किती महत्त्व देतं हे तुम्हाला स्वतः बघता येतं. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ असं शोधा, त्यात सी-७ हा तक्ता काढा. एक्स्ट्राकरिक्युलर, व्हॉलंटियर काम, नोकरी, कला-कौशल्य या प्रत्येकापुढे ‘फार महत्त्वाचं’, ‘महत्त्वाचं’, ‘विचारात घेतो’ किंवा ‘घेत नाही’ अशी खूण असते. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा तक्ता उघडा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि बरीच भीती तिथेच जाते.

माझं स्पष्ट मत: डेका, की क्लब आणि बुद्धिबळ सोडा. सार्वजनिक आरोग्याशी त्यांचा धागा नाही आणि तिच्या हातून तिथे काही उभं राहिलेलंही दिसत नाही. वर्तमानपत्र मात्र ठेवा, पण तिने तिथे आरोग्याचं पान किंवा सदर मागून घ्यावं. डिझीज डिटेक्टिव्हज म्हणजे साथरोगशास्त्रच, त्यामुळे ऑलिंपियाड, हॉस्पिटल आणि ते सदर एकमेकांना धरून राहतील. वाचणाऱ्याला तिची ओळख दोन मिनिटांत पटेल.

नॉनप्रॉफिट काढू नका. अकरावीत नोंदणी, एक वेबसाइट, इन्स्टाग्रामवर दहा पोस्ट आणि बारावीत सगळं बंद, असे अर्ज ॲडमिशन ऑफिसात ढिगाने येतात. तेच काम मराठी शाळेत किंवा लायब्ररीत केलं तर नोंदणीचा खर्चही नाही आणि काम खरं असतं.

बाराखडी_बोस्टन
फॉर्मच्या बाजूने सांगतो, कारण चांगलं काम तिथे मातीमोल होतं.

कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) जास्तीत जास्त १० ॲक्टिव्हिटीज. पदासाठी ५० अक्षरं, संस्थेच्या नावासाठी १००, वर्णनासाठी १५०, आणि मोकळी जागाही मोजली जाते. बक्षिसं वेगळ्या भागात, ५ पर्यंत. दहाच्या दहा भरायलाच हवीत असं अजिबात नाही. एमआयटीचा स्वतःचा फॉर्म तर चारच मागतो. आणि आपल्याकडे सर्टिफिकेटांची फाइल जपायची सवय असते, पण ती सर्टिफिकेटं जोडायला कॉमन ॲपमध्ये जागाच नाही. जे आहे ते त्या १५० अक्षरांत.

मराठी शाळेचंच उदाहरण घ्या. बहुतेक मुलं लिहितात: ‘मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत केली, त्यातून आपल्या संस्कृतीची गोडी लागली.’ शाळेचं नाव वरच्या रकान्यात येऊन गेलेलं असतं, ते इथे पुन्हा. ‘मदत केली’ म्हणजे नक्की काय, ते कळत नाही. आणि गोडी लागली हे निबंधात लिहायचं, इथे नाही. आता हे बघा: ‘६ ते ८ वयाच्या ११ मुलांचा वर्ग, बाराखडीचे चित्रपत्ते बनवले, आता ३ वर्गांत वापरात, २ नवे सहायक तयार केले.’ क्रियापदाने बोलायचं, आकडा द्यायचा, ‘मी’ गाळायचा. अर्थात आकडे खरे हवेत, म्हणून आजपासून एक साधी वही ठेवा: तारीख, तास, काय केलं. बारावीच्या ऑगस्टमध्ये नववीतलं काही आठवत नाही.

क्रमही महत्त्वाचा. सगळ्यात मोलाचं सगळ्यात वर, कारण वाचणारा पहिल्या तीन-चारांवर मत बनवतो. क्लबांची लघुरूपं वापरू नका, तुमच्या शाळेबाहेर ती कुणाला कळत नाहीत.

एडिसनची_आई
खूप आभार. दोन शंका. अरंगेत्रमच्या वर्षी तास एकदम वाढणार, मग आठवड्याचे तास कोणते लिहायचे? आणि ती रोज ४ ते ६ धाकट्या भावाला सांभाळते (तो ७ वर्षांचा आहे, आम्ही दोघं कामावर). त्यामुळे ती दुपारच्या क्लबांना थांबू शकत नाही. हे कुठे सांगता येतं का, की सबब वाटेल?

शमा_के
ताई, सबब कसली, हे यादीत घालाच! कॉमन ॲपच्या प्रकारांत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा पर्यायच आहे. रोज २ तास म्हणजे आठवड्याला १०, शाळेचे ३६ आठवडे. तिच्या यादीतला हा सगळ्यात मोठा आकडा आहे आणि तुम्ही तो पहिल्या पोस्टमध्ये लिहिलाच नव्हता. आपल्या घरांत मुली हे करतात आणि ते कुणी मोजत नाही, याचं फार वाईट वाटतं.

हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात त्यांची गुणांकनाची पद्धत उघड झाली. एक्स्ट्राकरिक्युलरला १ ते ६ असे गुण, १ सर्वांत चांगला: राष्ट्रीय पातळीचं काही असलं तर १, वर्गाची अध्यक्ष किंवा वर्तमानपत्राची संपादक वगैरे असली तर २, नुसता सहभाग असला तर ३. पण त्याच यादीत घरची जबाबदारी किंवा शाळेबरोबरची नोकरी यासाठी वेगळा ५ हा आकडा होता, आणि ते धरून मुलाचा गुण सुधारता येईल अशी सूचनाही. म्हणजे वाचणारे हे शोधत असतात. शाळेच्या काउन्सेलरलाही आत्ताच सांगून ठेवा, त्यांच्या कॉलेजला जाणाऱ्या पत्रात ओळ आली की दुपारी क्लब का नाहीत हा प्रश्नच उरत नाही.

बाराखडी_बोस्टन
तासांचं गणित सोपं आहे, सरासरी काढायची. नववी आणि दहावी ४ तास गुणिले ४० आठवडे, म्हणजे १६०-१६०. अकरावीत २० आठवडे ४ तास आणि २० आठवडे १० तास धरले तर २८०. एकूण ६०० तास, १२० आठवडे. फॉर्मवर ५ तास, ४० आठवडे. वाढलेला सराव वर्णनात. सगळ्या ॲक्टिव्हिटीजचे तास एकदा एकत्र मिळवून बघा. शाळा, गृहपाठ आणि झोप धरून ती बेरीज आठवड्यात बसत नसेल तर वाचणाऱ्याचा बाकीच्या अर्जावरचाही विश्वास जातो.

अरंगेत्रमबद्दल एक. न्यू जर्सीतून ते बऱ्याच अर्जांत येतं, त्यामुळे समारंभ, हॉल, पाहुणे यांना वजन नाही. तिने एखादी रचना स्वतः बसवली, धाकट्या बॅचला अडवू (मूळ पदन्यास) शिकवले, तर ते लिहा. काही कॉलेजं स्लाइडरूम या वेबसाइटवर कलेचा पोर्टफोलिओ घेतात, पण तो नृत्याचे जाणकारही बघू शकतात. गुरूंनी मनापासून होकार दिला तरच पाठवा.

कूपर्टिनो_कुलकर्णी
यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) यादीत असेल तर वेगळा हिशेब. तिथे ॲक्टिव्हिटीज आणि बक्षिसं मिळून २० नोंदी, वर्णनाला ३५० अक्षरं, आणि ८ पैकी ४ प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं. अर्ज नोव्हेंबरअखेर. यूसी काही अर्ज यादृच्छिक निवडून पुरावा मागते, मग हॉस्पिटलच्या तासांची सही असलेला कागद लागतो. आजच व्हॉलंटियर ऑफिसकडून दर सहामाहीची नोंद घेऊन ठेवा. तिथली माणसं बदलली की मागची नोंद काढणं जड जातं.

उन्हाळ्याचंही सांगतो. मोठ्या कॉलेजच्या आवारात हजारो डॉलर फी घेऊन चालणारे बहुतेक कार्यक्रम कुणालाही घेतात, त्यांना फारसं वजन नाही. आरएसआय किंवा एमआयटीचं माइट्स या उन्हाळी विज्ञान कार्यक्रमांना शिकवणीची फी नाही आणि निवड कडक असते. न्यू जर्सीत गव्हर्नर्स स्कूल हा राज्याचा उन्हाळी कार्यक्रम आहे: रटगर्सला इंजिनिअरिंग, ड्रू युनिव्हर्सिटीला विज्ञान, अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात. तुमच्या लेकीला ड्रू योग्य. येत्या सप्टेंबरमध्ये काउन्सेलरला विचारा, डिसेंबरपर्यंत थांबू नका.

एडिसनची_आई
डेका आणि की क्लबच्या शिक्षकांना कसं सांगावं? त्यातल्या एक तिच्या केमिस्ट्रीच्या शिक्षिका आहेत.

शमा_के
मे महिन्यात, पदांच्या निवडणुकीआधी, तिने स्वतः भेटून सांगावं. तुम्ही ईमेल करू नका. ‘पुढच्या वर्षी घरची जबाबदारी आणि ऑलिंपियाड यांना वेळ द्यायचाय’ एवढं पुरे. शिफारसपत्रं बहुतेक अकरावीच्या शिक्षकांकडून घेतात, त्यामुळे केमिस्ट्रीच्या शिक्षिकेच्या पत्राचीही फार काळजी नको. बुद्धिबळ क्लबला तर सांगायचीही गरज नाही, सप्टेंबरमध्ये नाव नोंदवू नका.